घासून कमी करता येतं

जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर आकड्यांच्या शेजारची ‘एंटर’ची कळ मधोमध खोलगट झाली होती. खळग्याची खोली शून्य पूर्णांक चार मिलिमीटर. ताईने ती काचेची जाडी मोजायच्या यंत्राने मोजली होती. अंदाज करायची तिला सवय नव्हती. एका भिंगाचं गणित करताना ती कळ अकरा वेळा दाबावी लागते. दिवसाला सरासरी साठ भिंगं, वर्षाचे तीनशे दिवस, एकोणीस वर्षं. सदतीस लाखांच्या वर दाब झाले, आणि सगळे एकाच करंगळीचे.

दुकानात कुणी आलं की मालक त्या कळीवर बोट ठेवून म्हणायचा, “बघा, किती राबलोय आम्ही!” मालक म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. त्याने ती कळ एकोणीस वर्षांत दोनदा दाबली होती. त्यातही दुसऱ्यांदा चुकून.

पुढे चष्म्याचं दुकान आणि मागे काचा घासायचा कारखाना, असा तो पसारा होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नंबर आणि चौकटीचा आकार प्रोग्रॅमला सांगायचा. मग कोणती कोरी काच घ्यायची, कोणत्या साच्यावर घासायची, मध्य कुठे ठेवायचा, हे तो पडद्यावर दाखवायचा. वडिलांच्या काळात हे काम भिंतीवरच्या पिवळ्या तक्त्यांवर चालायचं आणि दहातली एक काच वाया जायची. ताई भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी आली आणि दोन वर्षं खपून तिने हा प्रोग्रॅम लिहिला. त्यानंतर शंभरातली एक वाया जाऊ लागली, आणि तीही बहुतेक वेळा मालकाने हात लावलेली असायची.

सोमवारी सकाळी जुन्या कॉम्प्युटरने एक लांब शिटी मारली आणि मान टाकली. प्रोग्रॅम त्या काळच्या यंत्रणेवर लिहिलेला. नवा कॉम्प्युटर त्याला उंबऱ्यातही उभा करीना.

ताईने त्याच दिवशी सांगितलं होतं. “नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर चालवता येतो. म्हणजे खराखुरा नाही, नुसता भास. पण प्रोग्रॅमला तो फरक कळत नाही. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. मोफत मिळतं. आतला कोडसुद्धा उघडा ठेवलेला आहे, कुणीही वाचावा.”

“फुकट?” मालकाने नाक मुरडलं. “ताई, चांगली वस्तू कुणी फुकट देतं का? त्यात काहीतरी खोट असणार. तू राहू दे, मी मेहुण्यांना बोलावतो.”

ताईकडे त्याचं उत्तर होतं, पण ते गिळायचीही तिला एकोणीस वर्षांची सवय होती.

आज गुरुवार. दुपारी चार वाजता मोठ्या कंपनीची बाई येणार होती. त्या कंपनीची पन्नासेक चष्म्यांची दुकानं होती आणि तिला हा प्रोग्रॅम हवा होता. फक्त स्वतःपुरता, इतर कुणालाही न देण्याच्या अटीवर. करारावर मालकाची सही लागणार होती आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचीही. “मी दाखवीन तिथे सही कर म्हणजे झालं,” असं मालकाने ताईला सांगून ठेवलं होतं.

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ताईची कॉलेजातली मैत्रीण काचा घासायला शिकवणारी एक शाळा चालवायची. तिथे पिवळे तक्ते अजून भिंतीवर होते आणि दहातली एक काच अजून वाया जात होती. तीन वर्षांपूर्वी तिने प्रोग्रॅम मागितला. ताई म्हणाली, “बघते.” तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मैत्रिणीचा फोन यायचा आणि ती आधी हेच विचारायची, “काय गं, बघतेयस ना अजून?” ताई खरंच अजून बघत होती. आज चारनंतर बघण्यासारखं काही उरणार नव्हतं.

मेहुणा दहा वाजता आला. हा मालकाच्या बायकोचा भाऊ. सासरी त्याला सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणत. ही पदवी त्याला नातेवाइकांचे प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केल्याबद्दल मिळाली होती. त्याच्या पाठीवर बॅग होती, कानात बिनतारी इअरफोनचं एक बोंडूक होतं, आणि खुर्चीत बसण्याआधीच त्याने निदान केलं.

“दाजी, ह्याला एकच उपाय. व्हर्च्युअलायझेशन.”

“वा!” मालक म्हणाला. “ह्याला म्हणतात डोकं. ताई, ऐकलंस?”

“ऐकलं,” ताई म्हणाली. सोमवारी हेच तिच्या तोंडून ऐकताना त्याला खोट दिसली होती. कानातलं बोंडूक बहुधा खोट दुरुस्त करत असावं.

तज्ज्ञाने सॉफ्टवेअरचं नाव शोधलं आणि जे पान सगळ्यात आधी उघडलं, त्यावरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबलं. काहीतरी उतरलं. त्याने ते उघडलं. पडद्यावर एक झाडू आला आणि त्याने जाहीर केलं की ह्या कॉम्प्युटरमध्ये चारशे बारा दोष आहेत. कॉम्प्युटर कालच खोक्यातून काढला होता.

“बघितलंत? दोष!” तज्ज्ञ म्हणाला.

“ती जाहिरात आहे,” ताई म्हणाली. “बनवणाऱ्यांचं स्वतःचं पान खाली तिसऱ्या ओळीत आहे. पत्ता वाचा एकदा.”

“ताई, पत्ते वाचत बसलो तर संध्याकाळ होईल. ह्या क्षेत्रात वेगाला महत्त्व असतं.”

मग झाडू घालवण्यात वेगाने चाळीस मिनिटं गेली.

दगडी चाकाजवळ काका काम करत होते. हे वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर. सोमवारपासून ते तक्ते आठवून काचा घासत होते आणि प्रत्येक काचेची गोलाई तीन पायांच्या गोलमापीने मोजून बघत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “ताई, सापडले का चारशे बारा?”

“चारशे अकरा नसतीलच, काका,” ताई हळूच म्हणाली. “एक मात्र खुर्चीत बसलाय.”

काकांच्या चाकाचा आवाज क्षणभर हलला.

अखेर खरं पान उघडलं. तिथे वेगवेगळ्या यंत्रणांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. तज्ज्ञाने जुन्या यंत्रणेची शोधायला सुरुवात केली. “आपला प्रोग्रॅम जुना, म्हणजे आवृत्ती जुनीच हवी. साधं लॉजिक आहे.”

“सॉफ्टवेअर कुठे बसवायचंय?” ताईने विचारलं.

“ह्या नव्यात.”

“मग नव्याचीच हवी. जुना त्याच्या आत राहणार आहे.”

“तेच म्हणतोय मी,” तज्ज्ञ म्हणाला, आणि दुसरी आवृत्ती निवडली.

फाइल उतरली. त्याच पानावर चौसष्ट अक्षरांची आणि आकड्यांची एक लांब माळ होती. उतरलेल्या फाइलवरून तशीच माळ काढायची आणि दोन्ही ताडून बघायच्या. एक अक्षर जरी वेगळं निघालं, तर वाटेत कुणीतरी फाइलमध्ये ढवळाढवळ केली असं समजायचं. झाडूच्या अनुभवानंतर तरी हे करावं, असं ताईला वाटलं. तिने पेन्सिल घेतली आणि चार-चार अक्षरांचे सोळा गट पाडून जुळवले.

“जुळलं,” ती म्हणाली.

“पत्रिका जुळवतेस की काय?” मालक हसला. तज्ज्ञही हसला, दाजी हसले की हसायचं हे त्याच्या तज्ज्ञपणात बसत होतं.

मग परवान्याचा मजकूर आला. तज्ज्ञाने न वाचता ‘मान्य’ केलं. ताईने तो मजकूर सोमवारीच घरी वाचून काढला होता, सगळा. तिला त्यातली एक गोष्ट लक्षात राहिली होती. कुणीही वापरा, वाटा, बदला, असं त्या लोकांनी लिहिलं होतं. पण कोणत्या ओळी कुणी लिहिल्या ती नावं काढून टाकायची नाहीत. फुकट देणाऱ्यांनी स्वतःचं नाव तेवढं सांभाळलं होतं. तिने नेमकं उलट केलं होतं. प्रोग्रॅमच्या पहिल्या पडद्यावर एके काळी तिचं नाव होतं. वडील गेल्यावर भाऊ म्हणाला होता, “तिथे दुकानाचं नाव टाक ना ताई, बरं दिसेल.” पुढच्या वर्षी म्हणाला, “दुकान म्हणजे शेवटी मीच ना?” प्रत्येक बदलाला चार मिनिटं लागली होती. चार मिनिटांच्या कामावरून सख्ख्या भावाशी काय भांडायचं, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, आणि हा युक्तिवाद इतकी वर्षं पुन्हा तपासला नव्हता.

सॉफ्टवेअर बसलं. आतला कॉम्प्युटर चालू करायला गेल्यावर एक चौकोन उघडला: ह्या कॉम्प्युटरची व्हर्च्युअलायझेशनची क्षमता बंद ठेवलेली आहे.

तज्ज्ञाचा चेहरा उतरला. “दाजी, कॉम्प्युटर डिफेक्टिव्ह दिलाय तुम्हाला. परत करा.”

“परत? आज? चार वाजता ती बाई येतेय!”

“मी एकाला विचारतो,” म्हणून तज्ज्ञ फोन घेऊन बाहेर गेला.

कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये एक खूण बदलायची, एवढंच काम होतं. ताईला ते ठाऊक होतं. काचेतून दिसत होतं, तज्ज्ञ फूटपाथवर येरझाऱ्या घालतोय, एक हात हवेत नाचवतोय, आणि मालक त्याच्यामागे सावलीसारखा फिरतोय. अठरा मिनिटं तिने हे पाहिलं. तिला मजा आली, आणि मजा आली हे ध्यानात आल्यावर स्वतःची थोडी शिसारी आली. ह्या दोघांना हसायला बुद्धी लागत नव्हती. हसून परत मूग गिळून बसणारी बाई त्यांच्यापेक्षा काय मोठी?

ती उठली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, खूण बदलली.

“झालं!” तज्ज्ञ परत येऊन म्हणाला. “म्हटलं ना, कधीकधी बंद करून चालू केलं की होतं.”

ताईने त्याला दुरुस्त केलं नाही. काही माणसांना खरं सांगणं म्हणजे फुटक्या चौकटीत नवी काच बसवणं, असं तिचं मत होत चाललं होतं.

आता आतल्या कॉम्प्युटरला किती मेमरी द्यायची, हे सॉफ्टवेअरने विचारलं. एक सरकपट्टी होती. अर्धी हिरवी, मग नारिंगी, शेवटी लाल. जुन्या यंत्रणेला चौसष्ट एमबी, म्हणजे पट्टीच्या अगदी डाव्या टोकाचा ठिपका, पुरे होता. ताईने तेवढं म्हटलंही. पण इथे मालकाला स्फुरण चढलं. इतका वेळ त्याला काही समजत नव्हतं. आता ओळखीचं काहीतरी दिसलं.

“सरका, मेहुणे.” त्याने माउस हातात घेतला. “आमच्या धंद्याचा पहिला धडा. कोरी काच नेहमी मोठीच घ्यायची. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही.” आणि त्याने पट्टी सर्रकन लाल टोकापर्यंत ओढली.

“बरोबर आहे, दाजी. अनुभव तो अनुभव.”

“काच कुणाच्या पोटातून कापून घेत नाही आपण,” ताई म्हणाली. “ही मेमरी ह्याच कॉम्प्युटरमधून जाणार. सगळी दिलीस तर हा स्वतः कशावर जगणार?”

“ताई, थोडं आम्हालाही कळू दे.”

त्याने बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. माउसचा बाण अर्ध्यावर थांबला. आतल्या पंख्याने विमानासारखा सूर लावला आणि मग कशालाच काही उत्तर मिळेना.

काकांनी चाक थांबवलं, हात फडक्याला पुसले, येऊन पडद्याकडे पाहिलं. “मालक,” ते गंभीरपणे म्हणाले, “आता घासून कमी करा.”

मालकाने त्यांच्याकडे जळजळीत नजर टाकली. पाऊण वाजला होता. तज्ज्ञाने घड्याळ पाहिलं आणि उपाशीपोटी डोकं चालत नाही असा शोध लावला. “चला मेहुणे, जेवून येऊ. ताई, तू हात लावू नकोस हां, बिघडेल अजून.”

दोघे गेले. ताईने हात लावला.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पट्टी डावीकडे आणली: चौसष्ट. गेल्याच वर्षी, जुना कॉम्प्युटर कुरकुरायला लागला तेव्हा, तिने त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये उतरवून ठेवली होती आणि ती पेनड्राइव्हवर घालून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली होती. ह्याबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ती फाइल आतल्या कॉम्प्युटरला दिली. काळ्या चौकोनात पांढरी अक्षरं पळू लागली, तीच जुनी, सोमवारी मेलेली. एकतीस मिनिटं लागली, त्यातली सात पेनड्राइव्हवरून नक्कल होण्यात.

पहिला पडदा आला. त्यावर भावाचं नाव होतं, ठळक अक्षरांत.

काका मागे येऊन उभे होते. “चालला?”

“चालला. नंबर सांगा कुठलातरी.”

“उणे सव्वातीन, तिरपा पाऊण, नव्वदवर.” ही काच त्यांनी सकाळी आठवणीतून घासली होती. ताईने आकडे भरले. प्रोग्रॅमने साचा सांगितला. काकांनी स्वतःच्या पाटीवरचा आकडा पाहिला आणि मान हलवली. “मी एक साचा चुकलो. वाया गेली.” मग थोडं थांबून म्हणाले, “त्या शाळेत सगळे असंच आठवून घासतात ना? तुमच्या मैत्रिणीच्या?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“फोन दुकानात येतो, ताई. तुम्ही हळू बोलता, पण ‘बघते’ एवढं ऐकू येतं.”

ताईने पहिला पडदा परत आणला. ते नाव बदलायला आजही चारच मिनिटं लागली असती. तिने बदललं नाही. गुपचूप केलेलं काम उद्या पुन्हा गुपचूप उलटं करता येतं. ह्या घरातल्या गोष्टी कशा होतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मालक आणि तज्ज्ञ तीनला परतले. पडद्यावर प्रोग्रॅम पाहून मालकाने तज्ज्ञाला मिठी मारली. “मानलं मेहुणे! जेवल्यावर आपोआप झालं!”

“सिस्टिमला कधीकधी वेळ द्यावा लागतो,” तज्ज्ञ म्हणाला. तो तेवढ्यापुरता ताईच्या नजरेला नजर देत नव्हता, म्हणजे अगदीच बिनडोक नव्हता. तिच्या मनातलं त्याचं स्थान एका पायरीने वर सरकलं.

बरोबर चारला कंपनीची बाई आली. बारीक चणीची, पायात साधे बूट, हातात वही. तिने आधी काकांचं चाक पाहिलं, मग गोलमापी, मग कॉम्प्युटर. मालकाने जुन्या कीबोर्डवरची ती कळ दाखवली. “बघा, किती राबलोय आम्ही!”

“एक भिंग करून दाखवा,” बाई म्हणाली. “उणे दोन.”

मालक बसला. त्याने आयुष्यात तिसऱ्यांदा एंटर दाबलं. दोन लिहिलं, उणे लिहिलं नाही. प्रोग्रॅमने निमूटपणे लांबचं न दिसणाऱ्या माणसासाठी जवळचं वाचायची काच सांगितली. काका खोकले.

“हे अधिक दोन झालं,” बाई म्हणाली.

“हो, म्हणजे... तुम्ही बघताय का ते पाहत होतो.”

बाई हसली नाही. तिने वहीत काहीतरी टिपलं. “प्रोग्रॅम कुणी लिहिला आहे?”

“तसं कुणा एकाने नाही.” मालक खुर्चीत रेलला. “डोकं सगळं माझं. ताईने टाइप केलं.”

काकांचं चाक थांबलं. तज्ज्ञाने कानातलं बोंडूक काढून खिशात टाकलं.

“हो ना, ताई?” मालकाने करार पुढे सरकवला. खालच्या कोपऱ्यात तिच्यासाठी एक रेघ आखलेली होती. “इथे सही कर.”

ताईने करार वाचायला घेतला. सगळा वाचला, चार पानं होती, सहा मिनिटं लागली. तेवढा वेळ मालक बोटांनी टेबल वाजवत होता आणि बाई शांतपणे थांबली होती, आपण लिहिलेल्या गोष्टी कुणी वाचतंय ह्याचं तिला कौतुक असावं. शेवटच्या पानावर तेच होतं: इतर कोणालाही, कोणत्याही कारणासाठी, कधीही नाही.

तिने कागद जुळवून परत त्याच्यासमोर ठेवले, कडा नीट लावून.

“टाइप मीच केलं,” ती बाईकडे वळून म्हणाली. “तीन हजार दोनशे ओळी. त्यातली कुठलीही ओळ काय करते ते तुम्ही मला विचारा, आणि मग ह्याला विचारा.”

“ताई!” मालक उठला. “घरचं भांडण लोकांसमोर? इतकी वर्षं तुला काही नको होतं, आजच काय झालं?”

“आज तू पट्टी लाल टोकापर्यंत ओढलीस.”

“काय बोलतेयस तू? सही कर बघू आधी.”

“नाही करणार,” ताई म्हणाली. आवाज नेहमीइतकाच होता. फक्त आज तो खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. “हा प्रोग्रॅम मी सगळ्यांना देणार आहे. कोडसकट, माझ्या नावासकट. पहिली प्रत आज संध्याकाळी मैत्रिणीच्या शाळेला जाईल. बाई, तुमच्या कंपनीलाही घेता येईल. आणि तू तोंड पाडू नकोस, तुलाही मिळेल. फुकट.”